न विचारता छापलेला चेहरा

मी एक ब्लॉक. छापखान्यात फोटो छापायला लागतो तो, लाकडावर ठोकलेला जस्ताचा तुकडा. माझ्या अंगावर एका माणसाचा चेहरा आहे. तो मी कुठे छापला, हे आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

हा चुडावा गावचा मुंजाजी. मेंढरं राखायचा. जिवंतपणी त्याचा एकही फोटो निघाला नव्हता. अशा वेळी आमच्या भागात माणूस गेल्यावर तरी फोटोवाल्याला बोलावतात. मुंजाजीला आंघोळ घालून, फेटा बांधून, गळ्यात हार घालून खुर्चीत बसवलं. मान कलंडू नये म्हणून त्याच्या बायकोने, चतुराबाईने, मागून खांदे धरले. लिंबाजी फोटोवाल्याने फोटो काढला आणि मिटलेल्या डोळ्यांच्या जागी पेन्सिलीने उघडे डोळे काढले. त्याचा हात मोठा कसबी. एक प्रत चतुराबाईला दिली, एक दुकानातल्या डब्यात राहिली.

पुढे सत्याऐंशी साली पालमच्या एका शाळेची स्मरणिका निघाली. सगळ्यांनी मिळून काढायची होती. कुणी लेख लिहिले, कुणी जाहिराती आणल्या. संपादक दिनकरराव मास्तर, नुकतेच बदलून आलेले. शाळेच्या छपराला पत्रे देणाऱ्या एका परगावच्या पाहुण्याचा मागे सत्कार झाला होता. तो फोटो लिंबाजीनेच काढलेला. मास्तर तो आणायला चुडाव्याला त्याच्या दुकानी गेले, तर लिंबाजी लग्नाचे फोटो काढायला बाहेरगावी. त्याच्या भावाने डबा पुढे सरकवला. फेटा, मिशी, खुर्ची, हार. मास्तरांना सत्कार दिसला, मागची बाई पाहुण्याची बायको वाटली. आमच्याकडे फेटा न् मिशी कुणाला नसते?

स्मरणिकेच्या समितीत एकाने विचारलंही, लिंबाजीला दाखवलात का? दुसरा म्हणाला, मास्तरांनी विचारलं असेल. मास्तरांना वाटलं, पाहुणा ह्यांनी पाहिलेला आहे, चुकलं असतं तर बोलले असते. अशा भरवशावर फोटो ब्लॉक करायला नांदेडला गेला आणि माझा जन्म झाला. रकान्यात बसावा म्हणून चतुराबाईला कापून टाकलं. खांद्यावरची बोटं तेवढी राहिली.

छापताना माझ्याखाली ओळ जुळवली, ‘पाहुण्यांचा सत्कार’. कागदामागून कागद मी ती ओळ घेऊन उमटत गेलो. ओरडायला मला तोंड होतं, पण तेही मुंजाजीचं.

चतुराबाईची लेक मनकर्णा पालमलाच दिलेली. स्मरणिका तिच्या घरी आली. शेजारणी कौतुकाने विचारू लागल्या, तुझ्या बापाचा सत्कार कधी झाला गं? तिने आईला बोलावून घेतलं. चतुराबाईला वाचता येत नव्हतं. लेकीने ओळ वाचून दाखवली, पण ती आधी आपल्या बोटांकडेच बघत राहिली.

दोघी शाळेत आल्या. मी तेव्हा मास्तरांच्या टेबलावरच होतो.

“मास्तर,” चतुराबाई हळू आवाजात म्हणाली, “ह्या मानसाला जित्तेपनी कुनी हार घातला न्हाई. मेल्यावर घातला, त्यो तुमी सत्काराचा केला. लोकं हासायलेत. येकदा इचारायचं तरी.”

 मास्तरांनी नंतर उरलेल्या प्रतींत त्या फोटोवर स्वतः कागद चिकटवले. घरोघर गेलेल्या प्रती कशा झाकणार? लिंबाजी कळल्यावर चतुराबाईकडे धावत आला आणि दारातच उभा राहिला. हा फोटो परक्याला दाखवणार नाही, असा शब्द त्याने तिला दिला होता.

त्या दिवशी शाळेतून जाताना तिने एकच मागितलं. “ह्यो ठोकळा मला द्या. पुन्यांदा कुनी छापाय नगं.”

मास्तरांनी मला दोन्ही हातांनी तिच्या ओटीत ठेवलं.

तुम्ही कधी काही छापाल. हाती आलेला फोटो कुणाचा, कुणी काढला, हे स्वतः जाऊन विचारा. दुसऱ्याने विचारलं असेल, असं म्हणू नका. एवढंच माझं मागणं.

घरी येऊन चतुराबाईने चुलीवर पाणी तापवलं. मला पाटावर ठेवलं आणि चेहऱ्यावरून हात फिरवत ते पाणी घालू लागली.

“त्या दिशी फोटोवाला खोळंबला म्हनून तुमची आंघोळ घाईत झाली,” ती म्हणाली.

छापखान्याची शाई पाण्याने निघत नाही, तिला रॉकेल लागतं. मला हे सांगता येईना. ती आणखी पाणी घालत राहिली.