शांततेचे दोन पदवीधर

माझा मुलगा एरमेक आणि सून कुरालाय, दोघांनीही शांतता या विषयाचा अभ्यास केलाय. परदेशात, वर्षभर, शिष्यवृत्ती घेऊन. तिथेच ओळख झाली, तिथेच लग्न ठरलं. माझा जन्म गेला इथे किर्गिझस्तानात, कोचकोरच्या टेलिफोन ऑफिसात. लोक काय काय शिकतात ते कानावर येतच असे. पण शांतता शिकायला वर्ष लागतं हे मला नवीन होतं. माझा नवरा गेल्यावर आमच्या घरात ती आपोआप आली होती, फुकटात.

तसं दोघांचं काम चांगलं. कुरणावरून दोन गावांची जुंपली की एरमेकला बोलावणं येतं. तो दोन्हीकडचा चहा पितो, दोन्हीकडच्या शिव्या खातो आणि मेंढ्या कुठल्या वाटेने जातील ते ठरवून येतो. कुरालाय शाळांमधून फिरते आणि पोरांची मारामारी हात न उगारता कशी सोडवायची ते मास्तरांना शिकवते. ती कझाक, शिमकेंतची; आम्ही किर्गिझ. बेशबारमाकात मांसाबरोबर घालायच्या उकडलेल्या पोळ्या ती हातरुमालाएवढ्या कापते, आम्ही शेवयांसारख्या बारीक. लग्नानंतर महिनाभर त्यावरून आमच्या दोघींचं वाजत होतं. शेवटी एकाच परातीत निम्मं तिचं, निम्मं माझं असं ठरलं. हा तह तिनेच घडवून आणला.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या शिष्यवृत्तीवाल्या संस्थेने राजधानीत, बिश्केकला कार्यालय काढलं आणि तिथे एक मोठी जागा निघाली. एरमेकने अर्ज केला. बायकोला सांगितलं नाही. मिळाली तर एकदम सांगू म्हणून. कुरालायनेही केला. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तेच.

मुलाखत इंटरनेटवरून होती. "मी कुरणाच्या बैठकीला चाललो," असं सांगून एरमेक गोठ्यात जाऊन बसला. कुरालाय स्वयंपाकघरात दार लावून बसली. त्याची मुलाखत संपत आली होती, तिची सुरू होत होती, आणि आमचं इंटरनेट एका वेळी एकाचंच ऐकतं. दोघांचंही अडकलं. दोघंही ओसरीतल्या इंटरनेटच्या डबीकडे धावली आणि डोक्याला डोकं आपटलं. एरमेकच्या अंगात वर कोट आणि टाय, खाली शेणाने भरलेले बूट.

"बैठक संपली वाटतं?" कुरालायने विचारलं.

"अजून नाही. तू घरात बसून कानात एवढे लोलक कुणासाठी घातलेस?"

त्यानंतर जे सुरू झालं त्याला भांडण तरी कसं म्हणू? ओरडले असते, एखादी बशी फुटली असती, तर मला कळलं असतं. पण ही शिकलेली माणसं. ती म्हणाली, "मला थोडा अवकाश हवाय." तो म्हणाला, "मी तुझ्या भावनांचा आदर करतो." आणि असा आदर करत दोघं वेगवेगळ्या खोल्यांत जेवू लागली. मधे मी, त्यांची आपा, म्हणजे आई.

"आपा, एरमेकला सांगा, मीठ संपलंय."

"आपा, कुरालायला सांगा, मी ऐकलं."

ऑफिसात होते तेव्हा इकडची तार तिकडे जोडायचा मला पगार तरी मिळायचा.

अशात एका दुपारी दारात टॅक्सी थांबली आणि दिलोरोम उतरली. ताश्कंदची, या दोघांच्या वर्गातली. संस्थेच्या वार्षिक अंकासाठी जुने अभ्यासक सध्या काय करतात याची खबरबात ती गोळा करत होती. येणार असल्याचं तिने फार आधी कळवलं होतं. घरच्या गडबडीत आम्ही साफ विसरलो होतो.

"एकाच घरात दोन शांततावाले! अख्ख्या अंकात अशी दुसरी जोडी नाही," असं म्हणत तिने अंगणात, पोप्लरच्या सावलीत कॅमेरा लावला. मी दोघांना आत ओढलं. "नीट शेजारी शेजारी बसा. आणि हसा. नाहीतर मी दोघांचंही तोंड बघणार नाही." दोघं बाहेर येऊन बसली आणि इतकी हसली की दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखी दिसत होती.

दिलोरोमने विचारलं, "घरात मतभेद झाले तर तुम्ही काय करता?"

"एकमेकांचं ऐकून घेतो," एरमेक म्हणाला.

"हो. कुणी काही सांगितलं तर," कुरालाय म्हणाली.

"म्हणजे?"

"समोरच्याला अंधारात ठेवायचं नाही, हा पहिला धडा होता ना आपला?"

"पहिला धडा तुला बरा आठवतो गं! आणि दुसरा? बोलताना 'तू असा, तू तसा' म्हणायचं नाही. 'मला वाटतं' अशी सुरुवात करायची."

"बरं. मला वाटतं, तू खोटारडा आहेस."

"मला वाटतं, तू महाखोटारडी आहेस!"

मी चहाचं तबक घेऊन धावले. "गंमत करतात गं ही, रोजचंच आहे," असं दिलोरोमला म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी माझाही तोल सुटला. "ती बिश्केकची जागा घाला चुलीत! माझं घर मोडायला निघालात दोघं!"

दिलोरोमने कॅमेरा खाली केला. "बिश्केकची जागा? तुम्हीसुद्धा अर्ज केला होता?"

"सुद्धा?" दोघंही एकदम म्हणाली.

ती पायरीवर मटकन बसली. "मीही केला होता. पण ती जागा भरलीसुद्धा. फर्रुखला दिली."

"कुठला फर्रुख?" एरमेक उठून उभाच राहिला. "तो? वाटाघाटींच्या तासाला घोरायचा तो?"

"फ्रिजमधून माझं लोणी चोरायचा तो!" कुरालाय म्हणाली. मग चक्क नवऱ्याकडे वळली. "त्या लोण्यावरून चौकशी समिती नेमावी लागली होती. आठवतं तुला?"

"आठवतं म्हणजे? अध्यक्ष मीच होतो! आणि समितीपुढे रडला होता गं तो, लोणी हातात धरून!"

मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून त्या फर्रुखची जी सालटी काढली, ती ऐकताना मला त्या न पाहिलेल्या पोराची दया आली. मी मांस शिजवलं, कुरालायने पोळ्या कापल्या, आणि एरमेकने सगळ्यांच्या कपात पुन्हा पुन्हा चहा ओतला.

दिलोरोम आत पडायला गेली. भांडी विसळता विसळता एरमेकने विचारलं, "तुला खरंच जायचं होतं इथून?"

कुरालायने हातातली बशी पुसून ठेवली. मग म्हणाली, "इथून जायचं नव्हतं रे. पण इथे मी एरमेकची बायको. शाळेतसुद्धा 'एरमेकच्या घरच्या आल्या' म्हणतात. कुठेतरी मला माझ्या नावाने बोलावणं यावं असं वाटलं. तुला कशाला जायचं होतं?"

"मला मेंढ्यांचा कंटाळा आलाय," एरमेक म्हणाला. "मेंढ्यांचा म्हणजे, त्यांच्या मालकांचा."

दोघंही हसली. मी दाराआड उभी होते, ती पाय न वाजवता मागे फिरले.

अंक आला तेव्हा त्यात या दोघांचा फोटो होता, पोट धरून हसतानाचा. खाली लिहिलं होतं, 'कोचकोरमध्ये संवादातून सौहार्द.' कुणाला हसत होते ते दिलोरोमने लिहिलं नव्हतं.

शरद ऋतूत कुरालायने नारिनला शिक्षकांसाठी स्वतःचा वर्ग काढला. दारावर तिच्या नावाची पाटी आहे. ती सोमवारी जाते, शुक्रवारी येते. एरमेकची कुरणं काही सुटली नाहीत. मात्र डोंगरापलीकडच्या गावांनी आता दोन तरुण पोरी त्याच्या हाताखाली दिल्यात. निम्म्या शिव्या त्या खातात, म्हणून तो खूश आहे.

पहिल्या शुक्रवारी सुनेसाठी त्याने स्वतः सूप केलं. मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. कुरालाय थंडीने गारठून आली, कोटही न काढता बसली आणि एक घोट घेतला.

"छान झालंय," ती म्हणाली आणि दुसरा घोट घेतला.

एरमेकने कौतुकाने तिचा वाडगा पुन्हा काठोकाठ भरला. ती तोही पीत राहिली. मी माझा वाडगा पायाने हळूच मांजरापुढे सरकवला. मांजराने वास घेतला आणि ते बाहेर निघून गेलं.