भाजीचं पाणी

वैष्णवीनं बटाट्याची चकती उजेडाकडे धरली. पलीकडचं बोट अंधूक दिसलं, म्हणजे पुरेशी पातळ झाली होती. नवऱ्याच्या, हरीशच्या, किडन्या निकामी झाल्यापासून ती अशीच चिरत होती. जाड फोडीतलं पोटॅशियम पाण्यात नीट उतरत नाही आणि ते अंगात साठलं तर हृदय बंद पडतं, असं हिंगोलीला डायलिसिसच्या नर्सनं सांगितलं होतं. भाजी उकळायची, पाणी फेकायचं, मगच कढईत टाकायची.

"वावरात पोटॅश कमी, अन् माह्या अंगात जास्त," हरीश पूर्वी हसून म्हणायचा. आता बोलतानाही त्याला धाप लागे.

चार दिवसांनी आज त्यानं तोंडानं काही मागितलं होतं. रोहूचे दोन तुकडे लसूण-हळदीत परतून तिनं त्यावर उकडलेला बटाटा आणि कोबी पसरला, मीठ न घालता. भाजीचं पाणी पातेल्यात तसंच राहू देऊन तिनं कढईवर झाकण ठेवलं, त्याला ओसरीत उठवून बसवलं आणि त्याच्या हातांसाठी पाणी आणायला अंगणात गेली.

परतली तेव्हा कढईत रस्सा उकळत होता. सासू, आशाबाई, हातात रिकामं पातेलं घेऊन उभी होती.

"आत्याबाई, हे काय केलं?"

"रोज सगळी ताकद मोरीत ओतून राहिलीस. म्हणून तं पोरगं वाळलं. आज बराबर रस्सा केला."

ताट आधीच ओसरीत हरीशपुढं गेलं होतं. वैष्णवी धावली. तिनं त्याच्या तोंडाशी गेलेला घास धरला.

"खाऊ दे ना," तो म्हणाला. "असंबी कुठं जगून राहिलो मी?"

तिनं ताट ओढलं, कढई उचलली आणि सगळं उकिरड्यावर पालथं केलं. आशाबाईनं पदर तोंडाशी नेला.

"माह्या साखरेमुळं न्हाई म्हणले डॉक्टर. न्हाईतर मीच किडनी दिली असती गं."

कुणी वैष्णवीकडं पाहिलं नाही. तिची किडनी जुळते, हे आठ महिन्यांपूर्वीच कळलं होतं. "तुला लहान लेकरू हाय," असं म्हणून तिचा भाऊ भागवत तिला अडवत होता. तीही भीत होती. हरीशनं एकदाही विचारलं नव्हतं.

तो ताटाच्या रिकाम्या जागेकडं बघत बसला होता. हाताला लागलेली हळद तो चाटू लागला. वैष्णवीनं त्याचा हात धरला आणि आपल्या पदरानं एकेक बोट पुसलं.

"शुक्रवारी डायलिसिसला मीबी येते संगं," ती म्हणाली. "डॉक्टरला सांगते, माही किडनी घ्या."