दोरा तोडायचा दात

"हा दात काढायचा नाही," वहिनी म्हणाली आणि दोन्ही हातांनी तिनं तोंड दाबून धरलं.

डॉक्टरीणबाईंच्या हातात चिमटा तसाच राहिला. मी वहिनीच्या डोक्याशी उभी, लाळ ओढायची नळी धरून. या दवाखान्यात मदतनीस म्हणून माझं निम्मं आयुष्य गेलं. खुर्चीत बसून रडणारे, शिव्या घालणारे, चपला टाकून पळणारे, सगळे बघून झालेत. पण ही माझी सख्खी भावजय! कुठं तोंड लपवू असं झालं मला.

"अगं वहिनी, बधिर केलंय. कळणारसुद्धा नाही तुला. आ कर बरं."

"दुखण्याचं नाही गं."

"मग कशाचं?"

गाल सुजल्यामुळे तिचे शब्द जाड येत होते. हात जरासा बाजूला करून ती म्हणाली, "ती माझी मुलगी आहे."

माझ्या हातातली नळी सुटली आणि खाली लोंबत सूं सूं करत राहिली. वहिनीला मुलगी नाही. एकच मुलगा, तो शिकायला बाहेरगावी. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, ताप डोक्यात गेला हिच्या.

वहिनी शिवणकाम करते. काम करताना पुढच्या दातांत टाचण्या धरलेल्या असतात, म्हणून दोरा नेहमी डावीकडच्या खालच्या दातानं तोडायचा. कात्री शेजारीच पडलेली असते, पण तिच्याकडे हात जाईल तर शपथ. "दात आहे तो वहिनी, हत्यार नाही," असं मी कितीदा तरी बोलले असेन. ती टाचण्यांमधूनच हसायची. मग एकदा कुणाच्या तरी पांढऱ्या झग्यावर लाल ठिपका उमटला. गिऱ्हाइकाला तिनं सांगितलं, बोटाला सुई लागली. बोट ठणठणीत होतं. हिरडी सुटत चालली होती आणि दात हलायला लागला होता. मी म्हटलं, घरचा दवाखाना आहे, उद्या ये. दवाखान्यात यायचं सोडून बाईसाहेब गेल्या अर्थबाईंकडे.

अर्थबाई हे मी ठेवलेलं नाव. एका भाड्याच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून ही बाई लोकांना त्यांच्या दुखण्याचे अर्थ सांगते. गुडघा म्हणजे हट्ट. पाठ म्हणजे कुणाकडे न मागितलेली मदत. हिरडी म्हणजे धरून ठेवणारं माणूस, आणि हिरडीतून रक्त येतं ते आत राहिलेलं रडू. खालचे दात आईपणाचे, त्यातली डावी बाजू पोटच्या पोरांची. एकदा मीही सोबत गेले होते. माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. "बाई, माझी अक्कलदाढ काढली, ती कुणाची होती हो?" असं मी भर हॉलमध्ये विचारलं. बायका खो खो हसल्या. वहिनी हसली नाही.

पुढं तिनं गोळ्या बंद केल्या. गोळी घेतली की रडू आत दबतं म्हणे! चूळ भरायचं औषध मोरीत ओतलं. आणि आज सकाळी मी तिच्याकडे गेले तर दारात कोण उभं आहे तेच मला ओळखू येईना. गाल टम्म, डावा डोळा अर्धा मिटलेला, आवंढा गिळताना मान वर करत होती. तशीच धरून आणली मी तिला.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन एक्स-रे दाखवला. दाताखाली हाड दिसायला हवं तिथं नुसता काळा खड्डा होता.

"पू खाली उतरायला लागलाय. आज दात काढून वाट करून दिली नाही तर सूज गळ्यात जाईल. मग श्वासाचा प्रश्न आहे. तुम्ही घरच्या आहात, काहीही करा, पण तोंड उघडायला लावा."

मी परत आले ती रागानंच. "वहिनी, ऐकलंस का? मरशील!"

"मरू दे."

इतक्या साधेपणानं म्हणाली, की माझा राग जागच्या जागी विझला. मी स्टुलावर टेकले. "कुठली मुलगी गं?"

"तुझ्या दादाला विचार."

दादा लिफ्ट दुरुस्त करतो; कालपासून कामावरच होता, ही सूज त्यानं बघितलीच नव्हती. मी फोन लावला तेव्हा मागं लोखंड ठोकल्याचे आवाज येत होते. मी काही मागचंपुढचं न सांगता विचारलं, "दादा, तुला मुलगी होती?"

मला वाटलं, तो ओरडेल, काय वेड लागलंय का तुला. त्यानं विचारलं, "कोण म्हणालं?"

अरे देवा! नाही म्हणाला नाही तो.

"तू नोकरीला बाहेरगावी होतीस तेव्हा," दादा सांगायला लागला. "दिवस भरले होते. जन्मली, पण रडलीच नाही. श्वास नव्हता. आई म्हणाली, हिला दाखवू नका, खुळी होईल. पुन्हा विषय काढू नका. नाही काढला."

"इतकी वर्षं?"

"मला वाटलं, विसरली असेल."

"विसरली? दादा, ती इथं दवाखान्यात एका दातासाठी जीव द्यायला बसलीय! ये आधी."

मी फोन ठेवला. सुट्टीला घरी आले होते मी त्या सुमारास. आईनं सांगितलं, वहिनीला कावीळ झाली होती. वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपलेली, आणि मी उशाशी बसून तिला पथ्य सांगत होते. तेल नको, तिखट नको, आराम कर. ती हूं हूं म्हणत होती. कावीळ! माझ्या आईनं, माझ्या भावानं, सगळ्यांनी मिळून एक आख्खं लेकरू पुसून टाकलं होतं आणि मला पत्ताही नव्हता.

"त्या बाईनं विचारलं," वहिनी खुर्चीतूनच म्हणाली, "डाव्या बाजूला कोण आहे तुझं? मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं गं. हा हलायला लागला तशी मी दिवसभर जिभेनं चाचपत असते. आहे. अजून आहे. तुम्ही काढून त्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकाल. मला तर दाखवलीसुद्धा नाही. मग माझ्याकडे तिचं राहिलं काय?"

मी खाली लोंबणारी नळी उचलून जागेवर अडकवली.

दादा आला तो कामाच्याच कपड्यांत, हात ग्रीसनं काळे. दाराशीच थांबला. वहिनीचा चेहरा बघून त्याचा चेहरा उतरला.

"काढू दे गं दात," तो म्हणाला.

तिनं मान हलवली.

दादानं स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "मी बघितली होती तिला."

वहिनीनं एकदम मान वळवली.

"माझ्या हातात दिली होती. जड होती चांगली. जावळ एवढं दाट, कपाळावर आलेलं."

"काळं?"

"काळंभोर. आणि कानाची पाळी तुझ्यासारखी, गालाला चिकटलेली."

"तुम्हाला माहीत होतं," वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं शेजारी झोपलात आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू रडशील म्हणून."

"रडले असते की! रडू द्यायचं होतंत!" सुजलेल्या तोंडातून ती इतक्या जोरात ओरडली की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. दादा रडायला लागला. माझा दादा, जो आई गेली तेव्हाही रडला नव्हता, तो काळ्या हातांनी तोंड पुसत होता आणि सगळं तोंड काळं करून घेत होता.

वहिनीनं डोकं मागं टेकलं, हात मांडीवर ठेवले आणि त्याला म्हणाली, "सांगत राहा. थांबू नका."

तिनं तोंड उघडलं.

"बोटं लांब होती," दादा म्हणाला. डॉक्टरीणबाई वाकल्या. "नखंसुद्धा आलेली. पायाचा अंगठा जरा वाकडा, माझ्यासारखा. मी पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलं तिला, नीट, तू गुंडाळशील तसं..." मी नळी धरली होती. मला समोरचं धड दिसत नव्हतं, पण हात सवयीनं चालत होते.

दात ट्रेमध्ये पडला, टिचकीएवढा आवाज करत. सवयीप्रमाणे मी ट्रे पिवळ्या डब्याकडे नेला आणि तिथंच थांबले. दादानं तळवा पुढं केला.

वहिनीच्या तोंडात कापूस होता. तिनं मानेनंच नको म्हटलं. मग कापूस दाबून धरत म्हणाली, "टाक. दात आहे तो."

सूज उतरल्यावर मी तिच्याकडे गेले. ती मशीनवर बसली होती. दादा आतल्या खोलीत काहीतरी आवरत होता. शिवण संपली तसा तिनं दोरा उचलून डावीकडे धरला आणि चावला. दोरा तुटला नाही. ओलं झालेलं टोक तिनं बाहेर काढलं, थोडा वेळ बोटांत धरलं.

"अहो," तिनं आत हाक मारली, "डोळे कसे होते हो तिचे?"

दादा हातातलं ठेवून दारात आला.

"मिटलेले होते," दादा म्हणाला.

तिनं हात लांब करून कात्री घेतली आणि दोरा कापला.