चौथ्या मजल्यावरची अनोळखी बाई

भाजलेल्या बदकाच्या सांध्यावर सुरा टेकवून शिया घाव घालणार, एवढ्यात फळीवरच्या फोनवर निरोप आला. हात तेलानं माखलेले होते. करंगळीच्या टोकानं तिनं तो सुरू केला आणि पुन्हा बदकाकडे वळली. पेइचेनचा आवाजी निरोप होता. दुपारच्या सुमाराला तो यायचाच. कोबी कडू निघाला, शेजारणीच्या कुत्र्यानं पुन्हा जिन्यात घाण केली, असलं काहीतरी.

आज त्यात पेइचेनचे शब्द नव्हते. आधी खुर्ची सरकली. मग एक पुरुष अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "उचल. सगळे तुकडे उचल. हातानं." मग काहीतरी भिंतीवर आपटलं आणि छातीतली हवा एकदम निघून जावी तसा आवाज आला. पुन्हा आपटलं. त्यानंतर नुसतं कपड्याचं घासणं ऐकू येत राहिलं आणि निरोप तुटला.

समोरचं गिऱ्हाईक पंख वेगळे बांधायला सांगत होतं. शियानं निरोप पुन्हा लावला. फोन हातात राहून गेला म्हणून हे आलं, की पेइचेननं मुद्दाम बोट दाबून धरलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता.

शिया, पेइचेन आणि वान्रू, या तिघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. वाफेच्या कुकरात केक कसा करावा याची चर्चा इंटरनेटवरच्या एका पानावर चालली होती, तिथं तिघींचाही केक मधोमध खचला आणि तिघी एकमेकींना हसल्या. तेवढ्यावर ओळख झाली. मग तिघींचाच गट निघाला आणि केक मागं पडला. वान्रू ह्वालिएनला नाश्त्याचं दुकान चालवायची. भूकंपाचा धक्का बसला की टेबलाखाली शिरून आधी या दोघींना कळवायची, मग नवऱ्याला. शियाचं जियायीच्या बाजारात बदकाचं दुकान. पेइचेन ताइनानला, चौथ्या मजल्यावर, नवऱ्याबरोबर. तिघींत ती धाकटी. शियाला ताई म्हणायची, आणि शियाच्या टोमण्यांना तिच्याइतकं मनापासून कुणी हसत नसे.

पेइचेन न्हाणीघरात घसरायची. कपाटाचं दार तिला लागायचं. एकदा वान्रूनं विचारलं होतं, अगं तुझं घर आहे की अडथळ्यांची शर्यत? त्या संध्याकाळी पेइचेननं तीन वाक्यं लिहिली आणि नवरा, चुंगयी, आपल्याला मारतो हे सांगून टाकलं. दोघींनी तिला निघून ये म्हटलं, पोलिसांत जा म्हटलं. वान्रूनं तर दुकानाच्या माळ्यावर तिच्यासाठी गादीसुद्धा घालून ठेवली. पेइचेननं दुसऱ्या दिवशी कोबीचा फोटो टाकला आणि विनंती केली की या विषयावर पुन्हा बोलू नये. इथं तरी मला साध्या गोष्टी बोलू द्या. त्या थांबल्या. शिया स्वतः नऊ वर्षं अशा माणसाबरोबर राहिली होती. साध्या गोष्टी बोलायला मिळणं म्हणजे काय असतं, हे तिला ठाऊक होतं.

तिनं वान्रूला फोन लावला. वान्रूनंही निरोप ऐकला होता. ती पोलिसांना कळवते म्हणाली. पत्ता शियाकडे होता. दर नव्या वर्षाला ती ताइनानला बदक पाठवायची. तो सांगून तिनं फोन ठेवला, ॲप्रन सोडला आणि शेजारच्या मासेवाल्या बाईला दुकानाकडे लक्ष द्यायला सांगितलं. अर्धं कापलेलं बदक कागदात गुंडाळून पिशवीत घातलं. सुरा पुसला. तोही वर्तमानपत्रात गुंडाळून बदकाखाली सरकवला. बदक कापून द्यायला लागेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

गाडीत वान्रूचा फोन आला. पोलीस जाऊन आले होते. दार नवऱ्यानंच उघडलं, टीव्हीचा आवाज मोठा झाला होता म्हणून माफी मागितली, बायको माहेरी गेल्याचं सांगितलं. ते परत गेले. बोलता बोलता वान्रू रडायला लागली. मागून कुणीतरी अंड्याची पोळी मागत होतं आणि ती त्याला रडतच थांबा म्हणत होती.

ताइनानच्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. शिया कठड्याला धरून चढली. चौथ्या मजल्यावर लोखंडी जाळीचं दार, आत लाकडी दार. तिनं घंटी वाजवली. बऱ्याच वेळानं आतलं दार उघडलं. चाळिशीचा, नीट भांग पाडलेला माणूस होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात नुकते धुतलेले.

"कोण पाहिजे?"

"पेइचेन. मी शिया. जियायीहून आलेय, बदक घेऊन."

त्यानं पिशवीकडे पाहिलं. मग मान न वळवता, नजर शियावरच ठेवून आत विचारलं, "शिया म्हणून कोण आहे गं तुझं?"

आत नळ वाहत होता, तो बंद झाला.

"कुणी नाही," आतून उत्तर आलं.

तो आवाज शिया रोज ऐकायची. कोबीचा भाव सांगणारा, पावसावर वैतागणारा. तोंडात कापूस असावा तसा तो आज येत होता.

चुंगयीनं जाळी थोडी उघडून पत्ता चुकला असेल म्हणून सांगितलं. अगदी सभ्यपणे सांगितलं. त्याच्या खांद्यावरून शियाला आतली फरशी दिसली. फुटलेल्या वाडग्याचे तुकडे एका जागी गोळा केलेले होते आणि त्या ढिगापासून न्हाणीघरापर्यंत तांबडे ठिपके गेले होते. तिनं फटीत पाय घातला.

त्यानं जाळी ओढून पायावर आपटली. पाय निघाला नाही. दुसऱ्यांदा आपटली तेव्हा घोट्याचं कातडं सोलून आलं. मग त्यानं दार पूर्ण उघडलं, बाहेर येऊन तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं जिन्याच्या कठड्यावर आदळलं. एकदा, मग पुन्हा. तो शिव्या देत नव्हता, श्वासही चढला नव्हता. हात सरावाचा होता. ती वाकली तेव्हा त्यानं गुडघा पोटात घातला. पिशवी सुटून बदक पायऱ्यांवरून खाली घरंगळत गेलं.

भिंतीशी आग विझवायचं लाल नळकांडं होतं. शिया पडली ती त्याच्यावरच. उठताना ते तिच्या हातात आलं. बदकांच्या टोपल्या वाहणारी बाई ती. ते तिला जड वाटलं नाही. पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर बसला आणि तो पाय दुमडून खाली आला. दुसरा खांद्यावर बसला. आतलं हाड मोडल्याचा आवाज तिला लगेच ओळखू आला. दिवसभर ती तोच ऐकायची, फक्त हा जरा जाड होता.

तिसऱ्यांदा तिनं नळकांडं डोक्यावर उचललं. मारायचंच होतं. नंतरही हे नाकारावंसं तिला वाटलं नाही. पण खाली पडलेल्या माणसानं हात तोंडासमोर आडवा धरला, तळवा बाहेर, बोटं फाकलेली. नऊ वर्षं तिनं स्वतः असाच हात धरला होता. ती थांबली. नळकांडं तसंच वर धरून उभी राहिली आणि दंड भरून आले तेव्हा तिनं ते खाली ठेवलं.

शेजाऱ्यांनी कळवलं होतं. या वेळी पोलीस लवकर आले, आधीचे नव्हेत, दुसरेच: एक वयस्कर हवालदार आणि एक तरुण पोलीस बाई. त्यांना दिसलं ते असं: घराचा मालक दारात विव्हळत पडलेला आणि कपाळातून रक्त गळणारी एक परकी बाई त्याच्यासमोर. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुरा निघाला. हवालदारानं शियाला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि हातात बेड्या घातल्या. तिनं हात पुढं केले.

"वेडी आहे ही," चुंगयी म्हणाला. "दार वाजवलं आणि अंगावर आली. विचारा माझ्या बायकोला."

पेइचेन दारात येऊन उभी होती. शियानं तिला पहिल्यांदा पाहिलं. बारीक चणीची, केस मानेवर बांधलेले. एक डोळा सुजून पूर्ण मिटला होता. उजवं मनगट तिनं दुसऱ्या हातानं छातीशी धरून ठेवलं होतं आणि पायात एकच सपात होती.

पोलीस बाईनं तिला विचारलं, डोळ्याला काय झालं. पेइचेन म्हणाली, न्हाणीघरात पडले. मग या बाईंना ओळखता का, असं विचारलं.

पेइचेननं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीवरून तिच्याकडेच बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "मी यांना ओळखत नाही. कधी पाहिलंही नाही."

शियानं मान खाली घातली. तिला राग आला नाही. एकदा दवाखान्यात नवरा मागं उभा असताना तिनं डॉक्टरांना शिडीवरून पडल्याचं सांगितलं होतं, आणि डॉक्टर काय वेंधळी बाई म्हणून हसले तेव्हा तीही हसली होती. तेव्हाचं स्वतःचं हसू तिला आत्ता आठवलं. घोट्यातून रक्त चपलेत उतरत होतं, ते ती बघत राहिली.

हवालदार तिच्या शेजारी वाकून काहीतरी विचारत होता. नाव, गाव, सुरा कशाला आणला. शिया चपलेकडेच बघत होती. त्यानं पुन्हा विचारलं. मग त्याचा धीर सुटला. मुद्दाम गप्प बसलीय, असं तो पोलीस बाईला म्हणाला आणि शियाचा खांदा धरून त्यानं तिला गदागदा हलवलं. ती दचकून मागं सरली, बेड्या घातलेले हात चेहऱ्यासमोर आले.

"त्या बाजूनं नका विचारू."

पेइचेन बोलली होती. आवाज इतका लहान होता की हवालदारानं मागं वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून.

"डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. "उजवीकडून बोला."

बाजारात कुणाला हे माहीत नव्हतं. तीस वर्षं शियानं मान वळवून, ओठ वाचून, थट्टा करून ते निभावून नेलं होतं. त्या कानावर नवऱ्याचा हात कसा पडला होता, हे तिनं जन्मात एकदाच सांगितलं होतं. तेही विनोद करून, दोन बायकांना.

हवालदार उठून शियाच्या उजवीकडे आला. पोलीस बाईची लिहिणारी पेन्सिल थांबली. तिनं पेइचेनकडे पाहिलं, तिच्या मनगटाकडे पाहिलं, मग शियाच्या कानाकडे. चुंगयीनं मान उचलली. बायकोकडे तो असा बघायला लागला जसा त्यानं तिला आजवर नीट पाहिलंच नव्हतं.

"इकडं ये," तो म्हणाला. आवाज खालचा होता, निरोपात होता तसाच.

पोलीस बाई दोन पावलं टाकून त्याच्या आणि दाराच्या मधे उभी राहिली. तिनं पेइचेनला काही विचारलं नाही. नुसती वाट पाहिली.

पेइचेन आत वळली. शियाला वाटलं, संपलं. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग पेइचेन दुसरी सपात शोधून, ती पायात घालत बाहेर आली. नवऱ्याच्या पसरलेल्या पायांना वळसा घालून, भिंतीला खांदा घासत ती पायऱ्यांपाशी पोचली. तिथं जरा अडखळली, कारण बसायला जागा होती ती डावीकडे. उजवीकडे हवालदार उभा होता.

"जरा सरकता का," ती त्याला म्हणाली, आणि तो सरकल्यावर शियाच्या उजव्या बाजूला बसली.