आधी आई चाखते

सहल निम्म्याच्या वर सरली, तरी भिंगरीच्या पोटात केळी, पाव आणि उकडलेलं अंडं यापलीकडे काही गेलं नव्हतं. तिच्या बाबाचं मात्र जोरात चाललं होतं. रोज नवं हॉटेल, रोज नवी ताटली, आधी फोटो आणि मग घास. आत्ताही तो मोबाईलचा कॅमेरा भिंतीवरच्या पाटीवर धरून आपल्या आईला भाषांतर वाचून दाखवत होता.

"आई, हे ऐक. 'काकांच्या आठवणीतलं वांगं'. मागवू?"

"आधी काकांना विचार," भिंगरीची आजी म्हणाली. भिंगरी खुदकन हसली.

भिंगरीची आई सासूबाईंच्या बोलण्यावर हसल्यासारखं करून टेबल पुसत राहिली. ओल्या कागदाने आधी टेबल पुसायचं, मग चमचे, मग लेकीची बोटं. पर्स मांडीवर, पर्समध्ये इंजेक्शन, आणि ते आहे ना म्हणून अधूनमधून वरून चाचपडायचं. हात आपोआप फिरत होते.

भिंगरीला काजू चालत नसे. एका लग्नात चमचाभर रस्सा पोटात गेला आणि पोरीचे ओठ टम्म सुजले, श्वास घरघरायला लागला. डॉक्टरांनी वाचवलं. तेव्हापासून घरात एकच नियम झाला होता: बाहेरचं काहीही असो, आधी आई चाखते. तिची जीभ होतीच तशी. रश्श्यात काजू किती आणि खोबरं किती, तेल ताजं की कालचं, एका थेंबात सांगायची. "आमच्या सूनबाईची जीभ म्हणजे सोनाराचा काटा," असं सासूबाई येईल त्याला ऐकवायच्या. परदेशी जायचं ठरलं तेही याच जिवावर. इथली भाषा कुणाला येत नव्हती, आणि दर ठिकाणी आचाऱ्याच्या मागे लागायची नवऱ्याला लाज वाटायची. "तू आहेस ना," तो म्हणायचा. झालं, विषय संपला.

पण निघायच्या आधी तिला ताप येऊन गेला होता. ताप उतरला आणि जाताना चव घेऊन गेला, वासही. आठवड्यात येईल परत, असं तिने धरलं. घरी मोजून मीठ घातलं, मोजून तिखट. एकदा सासूबाई म्हणाल्या, "आज मिठाचा डबा कलंडला का ग?" तर तिने नव्या मिठावर ढकलून दिलं. मग तिकिटं आली, बॅगा भरल्या, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच. याचं आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. पण तेही वाटत नव्हतं. सगळं जणू जाड काचेपलीकडे चाललं होतं.

म्हणून रोज ती चमचाभर तोंडात घ्यायची, छताकडे बघत चावायची आणि म्हणायची, "नको. शंका येते."

वाढणारीने पिवळट, दाट रश्श्याचा वाडगा आणला. वर वाफ, आत भाज्यांचे तुकडे. भिंगरी गुडघ्यांवर उभी राहिली.

"आई, मला हे. मला आता केळं नको. केळं बघून मला रडू येतं."

"बघ ग," सासूबाई म्हणाल्या, "पोरीचं तोंड केवढंसं झालंय."

"आणि आजही शंका आली ना," नवरा म्हणाला, "तर शंकेलाच एक खुर्ची देऊ. येतेच आहे रोज जेवायला."

सासूबाईंनी त्याला कोपराने ढोसलं, पण हसू त्यांनाही आवरलं नाही.

तिने चमचा भरला. तोंडात गरम काहीतरी आलं, दाट. जिभेवरून टाळूपर्यंत फिरवलं. दाट कशाने? बटाट्याने, पिठाने, की काजूने? ओला कागद चघळावा तसं होतं. तिघं तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला फार दमल्यासारखं झालं, आणि तिने स्वतःचाच आवाज ऐकला.

"चालेल."

"हुश्श!" नवऱ्याने लगेच चमचा भरला, फुंकर घातली. भिंगरीने आ केला.

लेकीच्या ओठांपाशी आलेला तो चमचा तिला दिसला आणि तिने नवऱ्याचं मनगट धरलं. रस्सा टेबलावर सांडला.

"नको देऊस. मला चव येत नाही."

"म्हणजे मीठ कमी आहे का?"

"मला कशाचीच चव येत नाही. तापापासून. मी नुसतं चावते आणि नको म्हणते."

नवरा आधी हसला, मग थांबला. "आणि आत्ता चालेल म्हणालीस ते?"

"तेही नुसतंच."

त्याचा चेहरा उतरला. तो ओरडेल असं तिला वाटलं. त्याने वाडग्यातला एक घास स्वतः घेतला आणि बराच वेळ चावत राहिला. मग पडेल आवाजात म्हणाला, "मला तर काहीच कळत नाही. आई, तू बघ."

"माझी कवळी," सासूबाई म्हणाल्या. "मला काय कळतंय डोंबल!"

तो उठला. मोबाईलवर काजूचं चित्र काढलं आणि लाजत, अडखळत थेट भटारखान्याच्या दारात गेला. काचेतून सगळं दिसत होतं. त्याने चित्र दाखवलं, भिंगरीकडे बोट केलं, स्वतःचा गळा धरून जीभ बाहेर काढली. आचारीणबाई आधी दचकली. मग तिने कढई खाली उतरवली आणि रश्श्यात पडलेलं एकेक त्याच्यासमोर मांडलं: बटाटे, दूध, पीठ, तेलाचा डबा. डबा त्याने हुंगूनही पाहिला.

"सरळ विचारायचं तर होतं," सासूबाई हळूच म्हणाल्या. त्या सुनेला म्हणाल्या की स्वतःला, कळलं नाही. त्यांनी सांडलेला रस्सा पुसून घेतला.

नवरा नवा वाडगा घेऊन परत आला. "काजू नाही. तिने नवीन पातेल्यात वेगळं गरम करून दिलंय."

म्हणजे तिचं मघाचं 'चालेल' बरोबरच होतं. तिला यात काही दिलासा सापडेना. ती पर्स घट्ट धरून लेकीचे ओठ बघत राहिली.

भिंगरीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला. ओठ होते तसेच राहिले. मग तिने चमचा भरून आईपुढे धरला.

"आधी मी चाखलं. गोड आहे, आणि नंतर थोडं खारट. आता तू घे."

तिने तोंड उघडलं.

"लागलं गोड?"

"नाही ग," ती म्हणाली. "गरम लागलं."

"बरं," भिंगरी म्हणाली आणि पुढच्या चमच्यावर फुंकर घालायला लागली.