नव्या बाजारातली दवंडी

बुलढाण्याच्या कमेटीनं नवा बाजार बांधला तेव्हा साऱ्या तालुक्यानं तोंडात बोटं घातली. दगडी ओट्यांच्या सरळ रांगा, मधोमध पाण्याची टाकी, टाकीला चकचकीत पितळी तोटी, भोवती काटेरी तारेचं कुंपण आणि येण्याजाण्याला दोन फाटकं. कापड एका रांगेत, मिरची-मसाला दुसऱ्या रांगेत, बांगड्या पार पलीकडच्या टोकाला. आमच्या कमेटीच्या मेंबरांना रांगांचं भारी वेड. माणसं बाजारात फक्त माल घ्यायला येतात, असा त्या शहाण्यांचा समज होता, आणि बायकांना विचारून पाहावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जुना बाजार भरायचा तो आता तारेबाहेर राहिलेल्या कडुनिंबाभोवती, ज्याला जिथं ऐसपैस वाटेल तिथं. कडुनिंबाच्या बुंध्याशी अमीना मनियारीण बांगड्यांची पेटी उघडून बसायची. तिच्याकडे बायका बांगड्या भरायला येत हे खरंच, पण निम्म्या जणी येत त्या माहेरच्या माणसांना भेटायला. सासुरवाशिणीला उठसूट माहेरी कोण पाठवतो? आईनं लेकीकडे जावं म्हटलं, तर लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आपली रीत. मग मायलेकींनी भेटायचं कुठं? बाजारात, अमीनाच्या पेटीपुढं.

देऊळघाटच्या मनकर्णाबाई आणि त्यांची शालू अशाच भेटायच्या. शालू डोंगरखंडाळ्याला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता, त्यामुळं मनकर्णाबाईंनी लेकीचं घर अजून पाहिलंच नव्हतं. शालू सासूबरोबर गाडीतून बाजाराला यायची आणि सासूची मिरची निवडून होईपर्यंत दोघी अमीनापुढं बसायच्या. अमीना शालूच्या हातात बांगड्या चढवायची आणि शेवटची एक मनकर्णाबाईंच्या हाती द्यायची. ‘‘ही मायच्या हातची,’’ असं दर वेळी म्हणायची. ती एक बांगडी चढवायला मनकर्णाबाईंना फार वेळ लागायचा, आणि अमीनाही घाई करायची नाही.

आणि आता शालूचा नवरा पंजाबराव याला नागपूरच्या कापडगिरणीत काम लागलं होतं. बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी दोघं मलकापूरला जाऊन आगगाडीत बसणार होती. ‘‘मायले म्हणा, या बाजारी भेट, मंग केव्हा येणं होते कोणाले ठाव,’’ असा शालूनं एका ओळखीच्या बाईबरोबर सांगावा धाडला होता. त्या बिचारीला काय ठाऊक, की याच आठवड्यात बाजार जागेवरून उठणार आहे.

त्या दिवशी मनकर्णाबाई धाकट्या जावेला, विमलबाईला, घेऊन सकाळीच कडुनिंबाखाली येऊन बसल्या. मांडीवर गाठोडं. त्यात शेवया, कुरडया, लसणाची चटणी आणि हिरवं लुगडं. कडुनिंबाखाली दुसरं कोणीच नव्हतं. बाजाराला आलेली माणसं त्यांच्याकडे नवलानं बघत फाटकातून आत जात होती.

‘‘बाई, अमीना आत गेली दिसते,’’ विमलबाई म्हणाली. ‘‘चाला ना, आत पाहू.’’

‘‘मी नाही येत. आजलोक शालू इथंच आली. आज येईन आन् मी नसली, तं माहं लेकरू रडन.’’

‘‘मंग मी पाहून येतो.’’

विमलबाई गेली ती शालूला शोधायलाच गेली, हे मी शपथेवर सांगेन. पण तोटीपाशी बायकांची ही गर्दी! पाणी कोणालाच नको होतं, तोटी फिरवून बघायची हौस. विमलबाईनंही फिरवली, तोंड धुतलं, पाय धुतले, मागच्या बाईची बोलणी खाल्ली. मग कापडाची रांग लागली. जुन्या बाजारात कापडवाले चार दिशांना पांगलेले असत, इथं सारे ओळीनं, त्यामुळं एक पदर हातातून सुटेपर्यंत दुसरा डोळ्यांत भरायचा. त्या रांगेच्या शेवटाला पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. बाई एकट्या बसल्या असतील या आठवणीनं ती लगबगीनं मागं फिरली. बांगड्यांची रांग त्याच्याही पलीकडे होती.

‘‘सारा बाजार पाह्यला, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘नाही दिसली.’’

मनकर्णाबाईंनी गाठोडं जरा जवळ ओढून घेतलं.

थोड्या वेळानं आतून डफाचा आवाज आला. कमेटीचा दवंडीवाला उकंडा रांगांमधून फिरत काहीतरी पुकारत होता. शब्द काही कडुनिंबापर्यंत पोहोचत नव्हते, नुसता डफ पोहोचत होता.

‘‘बाई, आपण बी दवंडी देऊ का?’’ विमलबाई एकदम म्हणाली. ‘‘मघाशी एक पोरगं हरवलं होतं, उकंड्यानं पुकारल्याबरोबर बाप धावत आला. शालूचं नाव सांगू त्याले.’’

मनकर्णाबाईंचा पारा चढला. ‘‘माह्या लेकीचं नाव डफावर? ते काय चुकलेली म्हैस हाय? अब्रूदार घरच्या बाईचं नाव असं भर बाजारात घेत्यात काय? आइकून राह्यली ना तो डफ? कोणाच्या तरी घरच्यानं लाज सोडली आज.’’

डफ जवळ आला, तारेपाशी आला, आणि तिथून वळून पुन्हा आत गेला.

दुपार कलली. आधी मनकर्णाबाईंना काळजी वाटत होती, मग राग यायला लागला. आपल्याकडच्या बायका काळजी फार वेळ काळजी म्हणून ठेवत नाहीत. सासूनं आणलीच नसेल, असं त्या आधी म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘‘आतापासूनच नागपूरची झाली तिची. मायचं काय काम आता?’’ शब्द तोंडातून गेला तो गेला.

बाजार उठायला लागला तेव्हा विमलबाईनं त्यांना हाताला धरून उठवलं. ‘‘दिवसभर घोटभर पाणी नाही पोटात. तोटीचं पाणी प्या आन् मंग निघू.’’ मनकर्णाबाई पहिल्यांदाच तारेच्या आत आल्या. तोटीखाली ओंजळ धरली, पाणी प्यायल्या आणि डोळ्यांवर हबका मारला. तोंड पुसून वर बघतात तो पलीकडच्या टोकाला अमीना पेटी बांधत होती.

त्यांना बघून अमीनानं कपाळावर हात मारून घेतला. ‘‘या अल्ला! बाई, कुठं होत्या तुमी? पोरगी सकाळपासून हितंच बसून होती. मी म्हटलं, नीमखाली पाहून ये, तं सासू उठू देईना. नवा बाजार हाय, हरवशीन म्हणे. मी पेटी सोडून कशी येऊ?’’

‘‘इथं होती?’’

‘‘हितंच, माह्यासमोर. रडून रडून बेजार झाली. मंग शरम सोडली तिनं, आन् उकंड्याले बोलावून म्हणे, माह्या मायचं नाव पुकार. देऊळघाटची मनकर्णाबाई, तुही शालू बांगड्यांच्या रांगीत बसली हाय, असं पुकार. सासू लालेलाल झाली, पण पोरीनं आइकलं नाही. उकंड्या साऱ्या रांगीनं फिरला.’’

मनकर्णाबाईंनी फक्त एवढंच विचारलं, ‘‘तारेच्या भाईर नाही आला?’’

‘‘तारेच्या भाईर पुकारायचा हुकूम नाही त्याले.’’

अमीनानं पेटी पुन्हा सोडली आणि आतून एक हिरवी बांगडी काढली. ‘‘दोन्ही हात भरले मी तिचे. ही एक नाही घातली. मायच भरन म्हणे. आत्ता उठली तवा माह्या हातावर ठेवली आन् गेली, त्या मागच्या फाटकानं. गाड्या आता तिकडंच सुटतात.’’

मनकर्णाबाई बांगडी घेऊन धावल्या. त्या वयाच्या बाईला तसं धावताना आम्ही बुलढाणेकरांनी कधी पाहिलं नव्हतं. गाठोडं वाटेतच पडलं, ते विमलबाईनं उचललं आणि रडत रडत ती त्यांच्या मागं निघाली. साऱ्या बाजारातल्या रांगा तिनं खरोखरच पाहिल्या असत्या तर? हा प्रश्न तिला पुढं जन्मभर पुरला.

मागच्या फाटकाबाहेर नुसता धुराळा होता. डोंगरखंडाळ्याच्या गाड्या वळणापलीकडे गेल्या होत्या. फाटकाशी उकंडा डफ बाजूला ठेवून विडी ओढत बसला होता. बाईंना बघून त्यानं विडी विझवली.

‘‘उकंडा, वाजव,’’ मनकर्णाबाई म्हणाल्या. ‘‘माह्या लेकीचं नाव घे. शालू म्हणून पुकार.’’

‘‘आता कोणाले आइकू जाईन, माय?’’ तो म्हणाला. ‘‘गाड्या लंब्या गेल्या.’’ तरी तो उठला. बाईंचा चेहराच तसा झाला होता. पण डफावर त्याची थाप पडायच्या आत मनकर्णाबाई स्वतःच रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

‘‘शालू! वं शालू!’’

बाजारातून परतणारी माणसं थांबली. कोणी एक जण हसला, दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. बाईंचा पदर डोक्यावरून घसरला होता, आणि तो सावरायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. बांगडी मुठीत धरून त्या धुराळ्याकडे बघत पुन्हा ओरडल्या,

‘‘शालू, डफ मी आइकला होता वं! मी आइकला होता!’’