उजव्या कानाचा साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुनं कानाचं मशीन आहे. शेंगदाण्याएवढा जीव, आणि रंग माणसाच्या कातडीचा, म्हणजे मी कोणाला दिसू नये म्हणून मुद्दाम दिलेला. दिवसभर राबायचं आणि वर लपूनही राहायचं, हा कुठला न्याय? पण जाऊ द्या.

एका लांब टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बाईंनी मला जोडलं. त्या मला हातात धरून श्वाससुद्धा बेताने घ्यायच्या. तिथून मी कानाच्या डॉक्टरांच्या कपाटात आलो आणि कपाटातून साहेबांच्या उजव्या कानात.

साहेब तेव्हा साहेब नव्हते, शाळेत भूगोल शिकवायचे. एकदा ते आणि त्यांचा धाकटा भाऊ बसस्थानकावर तिकिटाच्या रांगेत उभे होते. जवळच कोणीतरी एक पिशवी ठेवून गेलं होतं. ती फुटली. भाऊ जागच्या जागी गेला. साहेबांचा डावा कान कायमचा गेला आणि उजवा जेमतेम उरला. त्या जेमतेम उरलेल्याला आधार म्हणून मी आलो. माझ्यातून त्यांनी ऐकलेलं पहिलं वाक्य त्यांच्या आईचं होतं. ती म्हणाली, "ज्यांनी हे केलं, त्यांना सोडू नकोस."

त्या वाक्यापायी मास्तर राजकारणात उतरले आणि खासदार झाले. सभागृहात त्यांचं म्हणणं एकच असायचं. दहशतवाद्याला दयामाया नाही आणि सीमेवरच्या जवानाला काही कमी पडता कामा नये. लोक टाळ्या वाजवायचे, तेव्हा माझ्या पोटात पत्र्यावर गारा पडल्यासारखं व्हायचं. तरी मला अभिमान वाटायचा. का वाटू नये?

माझ्यात एक खोट आहे, तीही सांगतो. मला आवाज कळतो, दिशा कळत नाही. ते दोन कानांचं काम, एकट्याचं नव्हे. लेकीने स्वयंपाकघरातून हाक मारली की साहेब दाराकडे बघायचे. ती म्हणायची, "बाबा, मी इकडे आहे. भूगोलाचे मास्तर ना तुम्ही?" मग दोघंही हसायची. घरात ते हसण्यावारी जायचं.

एक गोष्ट मात्र मला फार लागायची. समोरच्या बाकांवर, विरोधी पक्षात, एक वकीलबाई बसत. त्या बोलायला उठल्या की साहेबांचं बोट माझ्या बटणावर यायचं आणि मी बंद. त्यांनी तोंड उघडायच्या आत बंद. वर्षानुवर्षं हे असंच चाललं.

मग ते विधेयक आलं. सरकारने आणलेलं, पण मागणी साहेबांची. दहशतवादाचा संशय आला की माणसाला कोर्टापुढे न नेता पोलिसांनी हवं तितके दिवस आत ठेवायचं, असं त्यात होतं. वकीलबाईंनी एक दुरुस्ती सुचवली होती: धरा खुशाल, पण आठवड्याच्या आत न्यायाधीशापुढे उभं करा. मतं जवळजवळ सारखी होती. पक्षाच्या लोकांनी मत कुठे द्यायचं ते सांगणारे प्रतोद साहेबांना दारातच भेटले.

"आज इकडचं तिकडे होता कामा नये. नाहीतर पुढचं तिकीट विसरा."

"मी कशाला डगमगतोय?" साहेब म्हणाले. पण त्यांच्या कानशिलावरची शीर ताडताड उडत होती, ते मलाच ठाऊक.

साहेब भाषणाला उभे राहिले. सभागृह चिडीचूप. ते रांगेबद्दल बोलले, पिशवीबद्दल बोलले. "माझ्या भावाच्या हातात दोघांच्या तिकिटांचे पैसे होते," ते म्हणाले, आणि तेवढ्यात कुठूनतरी दबका आवाज आला, बाईचा की पुरुषाचा ते कळू नये असा.

"मेलेल्या भावावर अजून किती निवडणुका जिंकणार?"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांचं बोट सरळ वकीलबाईंवर गेलं. "या बाई बोलल्या. मी माझ्या कानाने ऐकलंय. यांना बाहेर काढा."

साहेबांच्या बाजूचे सगळे उठले. एकच गोंधळ माजला. सुरक्षारक्षक बाईंच्या दिशेने निघाले. बाई उभ्या राहिल्या आणि साहेबांचं बोट सवयीने माझ्याकडे आलं. नका हो, आज तरी नका, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. बोट बटणाला टेकलं. पण बाई भांडत नव्हत्या. त्या साहेबांच्या पाठीमागे बघत होत्या, आणि त्यांच्या बाजूचे सगळेच तिकडे बघत होते. साहेबांचं बोट खाली आलं.

"मी नाही बोलले, साहेब," बाई म्हणाल्या. "आवाज तुमच्या मागून आला."

अध्यक्षांनी मान हलवली. "त्या बोलल्या नाहीत. मी इथून पाहत होतो."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्याच पक्षाचे, त्यांच्याच तिकिटावर डोळा ठेवून असलेले एक सदस्य मान खाली घालून चष्मा पुसत होते.

साहेब पुन्हा समोर वळले.

"मला पक्की खात्री होती," ते म्हणाले. "शपथेवर सांगितलं असतं. बाई इथे समोर होत्या, म्हणून नाही म्हणू शकल्या. कोठडीतल्या माणसाने कोणाला सांगायचं?" त्यांनी हातातला भाषणाचा कागद घडी करून खिशात टाकला. "माझ्या भावाला मारणाऱ्याला मी आजही सोडणार नाही. पण मला तोच हवा, दुसरा कोणी नको. माझं मत दुरुस्तीला."

दुरुस्ती मंजूर झाली आणि तिच्यासकट कायदाही झाला. पुढच्या निवडणुकीत तिकीट चष्मेवाल्यांना मिळालं.

पण त्या संध्याकाळी साहेबांना भीती होती ती आईची. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"धाकट्याला शाळेत एकदा दुसऱ्याच्या खोडीचा मार बसला होता," ती म्हणाली. "दोन दिवस जेवला नव्हता तो." मग तिने साहेबांचं ताट वाढलं.

आता माझा मुक्काम टेबलाच्या खणात. साहेबांकडे नवीन मशीन आलंय. कानामागून आलं आणि तिखट झालं, दुसरं काय! त्याची बॅटरी संपली की साहेबांना माझी आठवण येते. मित्रांनो, माझ्यासारख्याला जपणं अवघड नाही. पाण्यापासून दूर ठेवा, रोज कोरड्या फडक्याने पुसा. आणि बटणाला हात लावण्याआधी जरा थांबा. वर्षानुवर्षं ज्यांच्यासाठी मला बंद केलं, त्या बाईंचा आवाज मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकला. साधाच होता, आपल्या लेकीसारखा.